जिन्याखालची धिंगरी : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून, सोमवार

जिन्याखालची खोली रिकामी केली. सहा फूट बाय चार फूट, एका बाजूला छत उतरतं, वर एक झरोका. वीस वर्षांची अडगळ निघाली. भिंतींना चुना मारला, फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन काढली. दोन दिवस दार उघडं ठेवून वाळू देणार.

धिंगरी अळंबी घरी लावायची हे गेल्या पावसाळ्यापासून डोक्यात आहे. साताऱ्याच्या बाजारात ताजी मिळते ती बटण अळंबी. धिंगरी क्वचित दिसते, तीही पाकिटात घाम सुटलेली आणि कडा चिरलेली. त्यात भाजीवाल्यांचा दोष नाही. या अळंबीची टोपी पातळ आणि ठिसूळ असते, प्रवास तिला सोसत नाही. म्हणून या वहीत वजनं लिहिणारच आहे, पण मला खरं बघायचंय ते वेगळं. बेडवरून, म्हणजे पेंढा-बियाणं भरलेल्या पिशवीवरून, काढल्यापासून तव्यावर पडेपर्यंत जितका कमी वेळ जाईल, तितका चवीत फरक किती पडतो?

बटण न लावता धिंगरीच का, असं ह्यांनी विचारलं. बटणला आधी खत-भुसा कुजवून कंपोस्ट तयार करावं लागतं, वरून मातीचा थर द्यावा लागतो आणि पीक यायला १४ ते १८ अंश तापमान लागतं. धिंगरी जंगलात मेलेल्या लाकडावर वाढते. लाकडातला कठीण भाग तिला पचवता येतो, मग भाताचा पेंढा तर तिला सोपाच. शिवाय २० ते २८ अंशांत ती खुशाल येते, आणि पावसाळ्यात ही खोली नेमकी तेवढीच असते.

१५ जून, शनिवार

पाटणकडच्या गावाहून दोन भारे पेंढा आला. गेल्या हंगामातला, माळ्यावर ठेवलेला. पेंढा सोनेरी हवा, दाबल्यावर कडकन मोडला पाहिजे, आणि त्यावर पाऊस पडलेला नसावा. वरच्या पेंढ्या तशाच होत्या. खालच्या दोन थोड्या काळपट होत्या, कुबट वास येत होता. वजन तीन किलो भरावं म्हणून त्याही घेतल्या.

विळीवर दोन-दोन इंचांचे तुकडे केले. संध्याकाळ गेली त्यात. आत्या समोर बसून बघत होत्या. त्यांच्या माहेरी जावळीत पावसाळ्यात वारुळावर अळंबी यायची. पेंढ्यावर अळंबी येते यावर त्यांचा विश्वास बसत नाही. "अगं, जी आपली आपण येते ती अळंबी. लावायची ती भाजी," म्हणाल्या.

तुकडे बारदानाच्या पोत्यात भरून पिंपात बुडवले, वर वरवंटा ठेवला. रात्रभर भिजतील.

१६ जून, रविवार

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

पेंढ्यावर आधीपासून शेकडो प्रकारच्या बुरश्यांचे बीजाणू असतात. आपलं बियाणं पेरायच्या आधी त्यांना मारावं लागतं, नाहीतर त्याच आधी पेंढा खातात. शेतीच्या पुस्तिकांमध्ये १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन घालून त्यात पेंढा १६ ते १८ तास बुडवायचा, असं दिलेलं असतं. मोठ्या शेडला ते सोयीचं असेल. घरात, तेही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, मला फॉर्मॅलिन नको. गरम पाण्याची पद्धत घेतली.

परसात तीन दगडांची चूल मांडली, त्यावर लग्नकार्यातलं मोठं पातेलं. पाणी ८० अंशांवर आलं की पोतं बुडवायचं आणि तासभर त्याच उष्णतेत ठेवायचं. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, कारण त्यात पेंढा शिजून गिळगिळीत होतो. थर्मामीटर हातात धरून लाकडं पुढे-मागे करत बसले. एकूण तीन खेपा झाल्या.

मग पोतं उपसून उतरत्या फरशीवर निथळत ठेवलं. पेंढा धुतलेल्या चादरीवर पसरला. निवला की मुठीत घेऊन घट्ट दाबायचा. तळहात ओला झाला पाहिजे, बोटांच्या फटीत फार तर एखादा थेंब दिसावा, धार लागता कामा नये. ही मूठ जमली की निम्मं काम झालं. माझी पहिली मूठ ठिबकत होती. आणखी दीड तास थांबले.

बियाणं पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पातून मागवलं होतं. बियाणं म्हणजे शिजवलेल्या धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली शुद्ध बुरशी. पिशवीतले दाणे पांढऱ्या कापसानं एकमेकांना चिकटलेले होते. वास ताज्या कणकेसारखा, थोडा गोडसर. आंबूस वास आला असता किंवा हिरवा ठिपका दिसला असता तर परत केलं असतं. जात प्लुरोटस साजर काजू, राखाडी टोपीची.

३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक पिशव्या. तळाला तीन बोटं पेंढा, हाताच्या मुठीनं दाबायचा, कडेकडेनं चिमूट-चिमूट बियाणं, पुन्हा पेंढा. असे पाच थर. भिजून तीन किलोचा पेंढा दहा किलोच्या आसपास गेला होता, त्याला ३०० ग्रॅम बियाणं, म्हणजे शंभराला तीन. तीन बेड झाले. तोंड सुतळीनं बांधलं, दाभण विस्तवावर धरून प्रत्येक पिशवीला २५ ते ३० भोकं पाडली. फळीवर मांडले. दार बंद, अंधार. आत २६ अंश.

२० जून

प्रत्येक दाण्याभोवती पांढरं वलय फुटलंय, सूर्यफुलासारखं. मुलगी रोज शाळेतून आली की आधी टॉर्च घेऊन आत जाते. हात लावायचा नाही हे तिला पटलंय.

२४ जून

तिसऱ्या बेडच्या तळाशी हिरवा डाग, रुपयाच्या नाण्याएवढा.

२५ जून

डाग तळहाताएवढा झाला. ही ट्रायकोडर्मा. शेतकरी तिला मित्रबुरशी म्हणून जमिनीत घालतात, कारण ती दुसऱ्या बुरश्यांवर तुटून पडते. नेमक्या त्याच कारणानं ती अळंबीची वैरीण. बेड न उघडता दुसऱ्या पिशवीत घातला, घराबाहेर नेला आणि खड्ड्यात पुरला. खोलीत उघडला असता तर हिरवी भुकटी बाकीच्या दोघांवर बसली असती.

चूक कुठे झाली ते स्पष्ट आहे. काळपट पेंढ्या मी शेवटच्या खेपेला टाकल्या होत्या, आणि त्या खेपेला सरपण ओलं होतं. पाणी ७० च्या वर नीट गेलंच नाही. मी घाई केली. शिवाय पिशवीच्या तळाशी चमचाभर पाणी साचलेलं दिसत होतं, म्हणजे मूठही चुकली. एक किलो कोरडा पेंढा आणि नऊ दिवस गेले. पुढच्या वेळी काळपट पेंढी गोठ्यात जाईल.

६ जुलै, शनिवार

विसावा दिवस. दोन्ही बेड आता पांढरेशुभ्र आणि टणक, बोटानं टिचकी मारली तर लाकडाच्या ठोकळ्यासारखा आवाज येतो. ब्लेडनं पिशवी उभी कापून पूर्ण काढली. पेंढ्याचे सुटे तुकडे एकसंध झालेत, उचललं तरी एक काडी पडत नाही. पांढऱ्या तंतूंनी सगळं शिवून टाकलंय.

सुतळीच्या शिंक्यात टांगले. इथून पुढे नियम बदलतात. आत्तापर्यंत अंधार आणि बंद हवा होती, आता उजेड, मोकळी हवा आणि ओल लागेल. उजेड किती, तर खोलीत वर्तमानपत्र वाचता यावं इतका. झरोक्यातून तेवढा येतो. खाली ओली वाळू पसरली, दिवसातून तीनदा फवारा मारायचा, तोही बेडवर धार न मारता हवेत, धुक्यासारखा. आर्द्रता ८७ टक्के. साताऱ्याचा जुलै निम्मं काम फुकट करतोय.

११ जुलै

पिनहेड, म्हणजे अळंबीचे पहिले कोंब, आले! पहिल्या बेडच्या डाव्या कुशीला, टाचणीच्या डोक्याएवढे, गडद राखाडी, शेजारी शेजारी पन्नास-साठ. आत्यांना हात धरून आत नेलं. चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "खसखस सांडल्यागत दिसतंय."

१३ जुलै

काहीतरी बिघडलंय. वाढ जोरात आहे, पण देठ बोटभर लांब आणि टोपी शेंगदाण्याएवढी. कर्ण्यासारखा आकार. धिंगरी म्हटल्यावर जे शिंपल्यासारखं पसरट पान डोळ्यांसमोर येतं ते नाही.

कारण हवा. बुरशी आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू जड, छोट्या खोलीत खाली साचतो. बेड टांगलेत खाली आणि झरोका वर. जंगलात लाकडाच्या फटीत अडकलेली अळंबी ताज्या हवेच्या शोधात देठ लांबवते, तेच ती इथे करते आहे. अळंबीच्या आकारावरून खोलीची हवा वाचता येते हे वाचलेलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं.

दाराची खालची फळी काढली, तिथे मच्छरदाणीचा तुकडा ठोकला. आता खालून हवा येते, झरोक्यातून जाते. जाळी हवीच, कारण बारीक काळ्या माश्या घोंगावायला लागल्यात. त्या तंतूंमध्ये अंडी घालतात आणि अळ्या देठ पोखरतात. पिवळे चिकट सापळे दोन टांगले. हवा खेळली की ओल उडते, म्हणून फवारा तीनचा पाच वेळा केला.

१५ जुलै, सोमवार

पहिल्या बेडची लांब मानेची अळंबी काढली. देठाला मुळाशी धरून पिरगळायची, घोस आख्खा सुटतो. चाकूनं कापली तर बुडखा मागे राहून कुजतो. २९० ग्रॅम.

रूप नव्हतं, तरी तवा गरम केलाच. जशी केली तशी लिहिते, कारण माझं यापुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

धुतली नाही. बुडाला चिकटलेल्या काड्या खरवडून काढल्या. सुरी न लावता हातानं उभी फाडली. धिंगरीला कोंबडीच्या मांसासारखे उभे धागे असतात, त्या रेषेनं ती आपोआप फाटते आणि कडा खरखरीत राहतात. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवला. तेल नाही, मीठ नाही. अळंबी एका थरात पसरली. आधी चर्रर्र आवाज, मग आवाज बसतो आणि पाणी सुटतं. ताज्या अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणीच असतं. इथे बहुतेकजण गडबडतात, हलवत बसतात. मी हात लावला नाही. पाणी उकळून आटलं, पुन्हा चर्र वाजायला लागलं आणि वास बदलला. आधी ओल्या मातीचा होता, आता भाजलेल्या शेंगदाण्याजवळचा. कडा तांबूस झाल्या. मग चमचाभर शेंगतेल, ठेचलेला लसूण, आणि सगळ्यात शेवटी मीठ. मीठ आधी घातलं की पाणी एकदम सुटतं, अळंबी भाजण्याऐवजी उकडते आणि रबरासारखी होते.

चौघांना दोन-दोन घास आले. ज्वारीच्या भाकरीशी. देठ चिवट लागले, टोपीचा भाग मात्र सुरेख. मुलीनं तवा पुसून खाल्ला.

कच्ची चाखायचा मोह मुलीला झाला होता, दिली नाही. धिंगरी शिजवूनच खावी. कच्च्या अळंबीची कवचासारखी पेशीभित्ती आपल्याला पचत नाही, आणि काहींच्या पोटाला ती चांगलीच बाधते.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

दुसऱ्या बेडला हवेचा बदल वेळेवर मिळाला. काय घोस आलाय! देठ आखूड, टोप्या चार बोटं रुंद, एकावर एक कौलांसारख्या रचलेल्या. रंग पारव्याच्या पंखाचा. कडा अजून किंचित खाली वळलेल्या आहेत, म्हणजे काढणीची घटका आजचीच. आणि आज घरात सगळ्यांचा उपास.

मोठा घोस काढला, ३४० ग्रॅम. कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून चिकट होते. शेजारचा लहान घोस मुद्दाम बेडवरच राहू दिला.

१८ जुलै

द्वादशीला दोन्ही एकाच तव्यावर, डावी-उजवी. डावीकडे कालची फ्रिजमधली. उजवीकडे सकाळी सव्वाआठला काढलेली, जिच्या कडा एका रात्रीत सपाट होऊन वर उचलल्या गेल्यात.

मला वाटलं होतं ताजी जिंकेल. तसं झालं नाही. फ्रिजमधली दाट, मांसल, तिचा गोडवा टिकलेला. ताजी, पण उशिरा काढलेली, पातळ, कडेला कागदासारखी कोरडी. तिची चव निघून गेल्यासारखी. म्हणजे काढणीनंतरच्या एका रात्रीपेक्षा काढणीआधीची एक रात्र जास्त नुकसान करते. हे मला माहीत नव्हतं. आत्यांना काही न सांगता दोन्ही वाढल्या होत्या, त्यांनीही डावीकडचीच परत मागितली.

तरी एकादशीऐवजी साधा दिवस असता आणि त्याच घटकेला काढून त्याच घटकेला तव्यावर टाकली असती तर? ते अजून बाकी आहे.

२१ जुलै

पहिल्या बहरानंतर दोन्ही बेड खरवडून बुडखे काढले. दोन दिवस फवारा कमी. दुसरा बहर आठ-दहा दिवसांत यावा.

२८ जुलै, रविवार

दुसऱ्या बेडवर दुसरा बहर. आज प्रयोग नीट मांडला. एकाच घोसाचे दोन भाग केले. निम्मा सकाळी सात वाजता काढला, कडा आत वळलेल्या असताना. १८० ग्रॅम. निम्मा उद्यासाठी बेडवर.

सकाळचा भाग सात वाजून वीस मिनिटांनी तव्यावर होता. हे वीस मिनिटांचं अंतर कुठल्याही मंडईला परवडणार नाही. फाडताना आवाज येतो, सेलेरीसारखा किंवा कोवळ्या काकडीसारखा म्हणा. पाणी कमी सुटलं, आटायला निम्मा वेळ. कड कुरकुरीत, आत रसाळ, आणि एक बडीशेपेसारखा पुसट वास जो फ्रिजमधल्या घोसात अजिबात नव्हता. तेल-मीठ सोडून काही घालावंसं वाटलं नाही.

२९ जुलै

राहिलेला निम्मा काढला. २०५ ग्रॅम. टोप्या ताटलीसारख्या उघडलेल्या. पंचवीस ग्रॅम जास्त. विकणाऱ्याला हे पंचवीस ग्रॅम सोडून कसे चालतील? किलोवर पैसे मिळतात तिथे तो एक दिवस थांबणारच, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला ती चूल-तव्यासाठी हवी आहे. इथून पुढे वळलेली कड बघून काढणार.

उशिराच्या भागाचे देठ वेगळे केले, सुरीनं बारीक चिरले, कांद्यावर परतून खिम्यासारखे केले. चिवटपणा बारीक चिरण्यानं जातो. वाया काही गेलं नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

चार दिवस गावाला गेलो होतो. परत आलो तर फळी, भिंत, वाळू, सगळ्यावर पांढरी पिठी. टोप्या वाटेल तशा पसरून कडा फाटलेल्या. अळंबी पिकून गेली की टोपीखालच्या पात्यांतून बीजाणू सोडते, कोट्यवधी. आत्या दार उघडून आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत खोकत होत्या. धिंगरीच्या बीजाणूंनी दमा-खोकला होतो, बंद शेडमध्ये रोज काम करणाऱ्यांना हा त्रास नेहमीचा.

आजपासून नियम : मास्कशिवाय आत जायचं नाही, गावाला जाताना शेजारणीला किल्ली द्यायची आणि कडा वळलेल्या असतानाच तिनं काढून न्यायच्या. ओल्या फडक्यानं सगळं पुसलं. झाडलं असतं तर उलट उडाली असती. आत्यांना वाफ दिली. मला फार वाईट वाटलं, हे आधी लक्षात यायला हवं होतं.

४ ऑगस्ट, रविवार, दीप अमावास्या

दिव्यांची पूजा झाल्यावर रस्सा केला. श्रावण उद्यापासून.

सुकं खोबरं आणि कांदा थेट विस्तवावर भाजून घेतले, तीळ कोरडे भाजले, आलं-लसूण-कोथिंबीर घालून वाटलं. तेल सुटेपर्यंत परतलं, मग घरचा कांदा-लसूण मसाला दोन चमचे, कढत पाणी, मीठ. रस्सा दहा मिनिटं उकळू दिला. अळंबी त्यात कच्ची टाकली नाही. तव्यावर तांबूस करून घेतलेली, अगदी शेवटी टाकून दोनच मिनिटं उकळली. अशानं ती रस्सा पिते पण आपला धागा सोडत नाही.

तांदळाची भाकरी, कांदा, लिंबू. ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आत्यांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "वारुळाची नव्हे," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण हिचं हिला आहे."

६ ऑगस्ट

आज आत्यांशी वारुळाच्या अळंबीवर तासभर बोलले. लिहून ठेवायला हवं, कारण त्यांच्यानंतर हे सांगणारं घरात कुणी नाही.

विजा कडाडून पाऊस झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई पहाटे उठवायची. ठरलेली वारुळं होती, दरवर्षी तीच. पांढरीफेक कळी, टोकाला बोंडासारखी, आणि खाली मुळासारखा हातभर देठ. उपटायची नाही, अलगद खुडायची, म्हणजे पुढच्या वर्षी येते. दुसऱ्याला जागा सांगायची नाही. मडक्यात हळद-मीठ-मिरची घालून शिजवायची.

तो मुळासारखा देठ खाली वाळवीच्या घरात गेलेला असतो. वाळवी पालापाचोळा खाऊन आपल्या विष्ठेचं स्पंजासारखं पोळं बांधते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी पाला पचवते, वाळवी ती खाते. माणसाला शेती सुचायच्या कितीतरी आधीपासून हा व्यवहार चालू आहे. म्हणूनच ती अळंबी जिन्याखाली येणार नाही. तिला वाळवी हवी. कोकण-गोव्यात अळमी, विदर्भात सात्या म्हणून पावसाळ्यात विकतात त्यांत हीच वारुळाची जात असते.

इथे एक गोष्ट ठळक लिहिते. रानातली अळंबी ओळखता येत असल्याखेरीज तोंडात घालायची नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळा पडतो, किड्यांनी खाल्लेली असली की चालते, यातली एकही परीक्षा खरी नाही. आत्यासुद्धा आता म्हणतात, आईनं दाखवलेल्या वारुळाखेरीज आपण कधी कुठली आणली नाही. मुलीला वहीतलं हे पान वाचून दाखवलं.

११ ऑगस्ट, रविवार

नवी खेप. दोन बेड, पेंढा निवडून घेतला, पाण्याच्या प्रत्येक खेपेला सरपण कोरडं. एका बेडला पुन्हा राखाडी, दुसऱ्याला गुलाबी धिंगरीचं बियाणं. मूठ पहिल्याच दाबात जमली.

श्रावणात अळंबी चालते का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. कांदा-लसूण न खाणाऱ्या बऱ्याच घरांत ती वर्ज्य मानतात. आत्या म्हणाल्या, रानात ती श्रावणातच उगवते, आमच्या माहेरी श्रावणातच खाल्ली. आमच्या घरात हा निकाल चालतो. कांदा-लसूण न घालता, जिरं-मिरी-खोबऱ्याची सौम्य भाजी काकूंना नेऊन दिली.

१९ ऑगस्ट

जुन्या बेडांचा तिसरा बहर, दोन्ही मिळून १३० ग्रॅम. थांबवले. गावाला वाया गेलेली धरली नाही तर दोन किलो कोरड्या पेंढ्यावर सव्वा किलोच्या आसपास अळंबी आली. घरच्या पहिल्या खेपेला हे चांगलं आहे. बेड फोडून गांडूळखताच्या खड्ड्यात टाकले. पेंढा आता इतका हलका आणि मऊ झालाय की बोटांत चुरतो. त्यातला सगळा ताठपणा अळंबीनं खाल्ला.

२९ ऑगस्ट

गुलाबी आली. बियाणं टाकल्यापासून अठराव्या दिवशी काढणीला, पहिल्या खेपेच्या राखाडीपेक्षा कितीतरी आधी. रंग असा की मुलीनं चित्रकलेच्या वहीत काढला, कमळाच्या आतल्या पाकळीचा. पण तव्यावर पडताच रंग गेला, मातकट झाली. चव चांगली, वासाला किंचित समुद्री, सुकटीची आठवण करून देणारा. ही राखाडीपेक्षाही नाजूक, दुपारपर्यंत कोमेजली. डाळीचं पीठ, थोडं तांदळाचं पीठ, ओवा, तिखट घालून आख्ख्या घोसांची भजी केली. या जातीचं भजीच करावं.

१ सप्टेंबर, रविवार

दोन तास स्वच्छ ऊन. राखाडीची दोन-तीन मूठभर अळंबी सुपात, पाती वरच्या अंगाला करून गच्चीवर ठेवली. उन्हातल्या अतिनील किरणांनी अळंबीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि पाती वर असली की जास्त. पुरती वाळली नाही, उरलेली पंख्याखाली. कडकडीत झाल्यावर दहावा हिस्साच वजन उरतं. कुटून आमटीत चमचाभर घालून बघणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. मखराचं सामान जिन्याखाली ठेवायचं आहे, म्हणून आज खोली रिकामी करायला घेतली. राखाडी बेडवर शेवटचा एक घोस होता.

काट्याशी वही उघडून मी हात धुवायला गेले. परत आले तर आत्या मास्क लावून आत. त्यांनी टोपीची कड बोटाच्या पेरानं चाचपली, अजून आत वळलेली होती. मुळाशी धरून पिरगळला, पदरात घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात. तवा आधीच तापत ठेवला होता त्यांनी.

वजन करायचं राहिलं.